धेनुकाकटाच्या शोधात

पुण्याहून मुंबईस जाणारी आगगाडी तळेगाव मागे टाकून मावळात शिरली, म्हणजे दोन्ही बाजूंस सह्याद्रीच्या रांगा दिसू लागतात. कामशेत सोडल्यावर डाव्या हातास विसापूर व लोहगड हे जोडकिल्ले उभे असतात. त्यांच्याच कुशीत भाजे आणि बेडसे येथील लेणी आहेत. उजव्या हातास, भातखाचरांच्या पलीकडे, डोंगराच्या अंगात कार्ल्याचे लेणे कोरलेले आहे. प्रवासी क्षणभर खिडकीबाहेर पाहतात आणि पुन्हा आपल्या बोलण्यात रमतात.

सन १९४५ नंतर कित्येक वर्षे डेक्कन क्वीनने एक प्राध्यापक या वाटेने मुंबईस जात आणि सायंकाळी परत पुण्यास येत. ते गणिताचे अध्यापक होते. प्रवासाचा वेळ ते वाचनात घालवीत. परंतु सुटीचा दिवस आला, की हेच गृहस्थ हातात काठी घेऊन डोंगराची वाट धरीत. ज्या टेकड्या इतर लोक गाडीतून पाहत, त्या ते पायांखाली घालीत. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

दामोदर कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. पायी हिंडण्याचे वेड या घराण्यात नवे नव्हते. त्यांचे वडील धर्मानंद हे तरुणपणी बौद्ध धर्माचे ज्ञान मिळवावे या एकाच ध्यासाने घर सोडून निघाले होते. जवळ पैसा नाही, कोणाची ओळख नाही, अशा स्थितीत ते नेपाळ आणि सिंहलद्वीप येथपर्यंत गेले व पाली भाषेचे मोठे पंडित होऊन परतले. पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने एका पाली ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना बोलावून घेतले. सन १९१८ मध्ये ते पुन्हा तिकडे निघाले, तेव्हा त्यांनी मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना बरोबर नेले.

दामोदराचे शालेय शिक्षण आणि महाविद्यालयीन शिक्षण अशा रीतीने मुख्यतः अमेरिकेत झाले. गणित हा त्याचा आवडता विषय. पण ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन आणि इटालियन याही भाषा त्याने आत्मसात केल्या. सन १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी उच्च श्रेणीत मिळवून तो मायदेशी आला. काशी आणि अलीगढ येथील विद्यापीठांत काही काळ अध्यापन करून कोसंबी १९३३ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले. ज्या महाविद्यालयात वडिलांनी पाली शिकविली होती, तेथे मुलगा गणित शिकवू लागला. बारा वर्षांनंतर होमी भाभा यांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलाविले. गणितातील त्यांचे कार्य येथे विस्ताराने सांगता येणार नाही. आनुवंशिकतेच्या अभ्यासात आजही वापरले जाणारे एक सूत्र त्यांच्या नावाने ओळखले जाते, एवढे सांगितले तरी पुरे.

गणिताचा हा अध्यापक इतिहासाकडे वळला कसा, याची हकिगत मोठी मौजेची आहे. संख्याशास्त्राचा अभ्यास करताना त्यांना असे वाटले, की एखादा खरा, व्यवहारातील प्रश्न हाती घेतल्याखेरीज ही विद्या अंगी मुरणार नाही. तो प्रश्न त्यांना प्राचीन नाण्यांत सापडला. आपल्या देशातील अतिप्राचीन चांदीच्या नाण्यांवर राजाचे नाव नसते, साल नसते. केवळ सूर्य, झाड, डोंगर अशा खुणांचे ठसे उमटविलेले असतात. त्यांना आहत नाणी म्हणतात. अशा मुक्या नाण्यांचा काळ ओळखावा कसा?

कोसंबी यांनी तराजू हाती घेतला. त्यांचा विचार असा होता. टांकसाळीतून निघालेल्या नाण्याचे वजन ठरलेले असते. पुढे ते बाजारात फिरू लागते. प्रत्येक हात, प्रत्येक कसा त्याचा अणुमात्र अंश झिजवून घेतो. एखादे नाणे गाडग्यात पुरलेले राहते, तर एखादे शेकडो हातांतून जाते. म्हणून एकट्या नाण्याच्या वजनावरून काहीच सिद्ध होत नाही. परंतु पुष्कळ नाणी एकेक करून तोलली व त्यांची सरासरी काढली, तर जी नाणी अधिक काळ चलनात होती त्यांची सरासरी कमी भरलीच पाहिजे. हा तर्क बरोबर आहे की नाही, हे पाहण्यासाठी त्यांनी प्रथम आपल्या काळची चालू नाणी जमविली. त्यांवर साल छापलेले असते, त्यामुळे ताळा पाहणे सोपे होते. तर्क खरा ठरला. नंतर तक्षशिला येथे भूमीत सापडलेली जुनी नाणी त्यांनी तोलली. तेव्हा त्यांना असे आढळून आले, की नाण्याच्या पाठीवर बारीक खुणा जितक्या अधिक, तितके त्याचे सरासरी वजन कमी. त्या खुणा म्हणजे ठरावीक काळानंतर नाणे पारखून मारलेले शिक्के असावेत, असे अनुमान त्यांनी काढले. हजारो नाणी अशी एकामागून एक तोलण्यास केवढी चिकाटी लागली असेल, याची कल्पना करावी.

परंतु नाणी पाडली कोणी? त्या राजांविषयी आणि व्यापाऱ्यांविषयी जाणून घ्यायचे, तर जुने ग्रंथ वाचले पाहिजेत. ते वाचायचे, तर संस्कृत आले पाहिजे. कोसंबी यांनी संस्कृतही अशाच प्रकारे शिकून घेतले. त्यांनी भर्तृहरीची शतके हाती घेतली आणि ठिकठिकाणच्या शेकडो हस्तलिखितांची तुलना करून १९४८ मध्ये त्यांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तरीही त्यांचे समाधान झाले नाही. ग्रंथांत राजांची आणि विद्वानांची माहिती मिळते. पण ज्यांनी शेते नांगरली, ओझी वाहिली, मेंढरे राखली, त्यांच्याविषयी ग्रंथ फारच थोडे सांगतात. ते कोठे वाचावयास मिळणार? ग्रंथालयात त्याचे उत्तर नव्हते. तेव्हा कोसंबी ते डोंगरांत शोधू लागले.

या कामी त्यांचे मुख्य हत्यार म्हणजे त्यांची काठी. तिच्या टोकाला छिन्नीसारखे धारदार लोखंड बसविलेले असे. डोंगर चढताना तिचा आधार होई, जमिनीत रुतलेला दगड तिने उकरून काढता येई, आणि गावात शिरताना अंगावर धावून येणाऱ्या कुत्र्यांनाही तिचा धाक वाटे. दुर्बीण नको, तंबू नको, नोकरचाकर तर नकोतच. पुण्यातील त्यांच्या घराजवळ विधी महाविद्यालयाची टेकडी आहे. तेथून त्यांनी आरंभ केला. टेकडीवर फिरावयास जाणाऱ्या लोकांना जे नुसते खडे वाटत, त्यांत कोसंबी यांना गारगोटीच्या लहान लहान धारदार चकत्या आढळल्या. नखाएवढ्या किंवा बोटाच्या पेराएवढ्या त्या चकत्या अश्मयुगातील माणसांनी मुद्दाम घडविलेल्या होत्या. धातूचा उपयोग माहीत नव्हता, तेव्हा माणूस अशाच चकत्या लाकडाच्या दांड्यात बसवून कापणे, सोलणे, खरवडणे ही कामे करी.

पुढे ते जसजसे अधिक हिंडू लागले, तसतशी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात येत गेली. ही हत्यारे कोठेही सारखी पसरलेली नसत. डोंगराच्या उतारावरून, खिंडीखिंडींतून जाणाऱ्या काही वाटा होत्या. त्या वाटांच्या कडेने ती सापडत. आणि आश्चर्य असे, की त्यांतील कित्येक वाटांनी आजही धनगर आपली मेंढरे नेत होते.

कोसंबी यांनी धनगरांशी ओळख करून घेतली. पावसाळ्यात मावळात धो धो पाऊस पडतो. ओल्या जमिनीत मेंढरांचे खूर सडतात. म्हणून धनगर आपला वाडा घेऊन पूर्वेकडे, कमी पावसाच्या मुलखात जातात, आणि पाऊस सरला की पुन्हा फिरतात. वाटेत शेतकरी त्यांची मेंढरे एकदोन रात्री आपल्या शेतात बसवून घेतो; लेंड्यांचे खत शेताला मिळते आणि धनगराला त्याबद्दल धान्य मिळते. हा क्रम किती जुना असेल? वाटांच्या कडेला सापडणारी दगडी हत्यारे पाहून कोसंबी यांना वाटले, की अश्मयुगातील माणसेही ऋतुमानाप्रमाणे आपली जनावरे घेऊन याच वाटांनी जात-येत असली पाहिजेत. मेंढ्यांवर एखादी लहानशी शस्त्रक्रिया करावयाची झाली, तर काही धनगर लोखंडी सुरी न घेता गारगोटी फोडून तिची ताजी धार वापरीत, हेही त्यांनी पाहिले. त्या धारेने केलेली जखम चिघळत नाही, असा धनगरांचा अनुभव होता. म्हणजे अश्मयुगातील एक हत्यार विसाव्या शतकातही पुण्याजवळच्या माळावर उपयोगात होते! कोसंबी अशा लोकांजवळ बसत, त्यांच्या देवांची नावे विचारीत, लग्नाच्या व मर्तिकाच्या चाली विचारीत. त्यांच्या पुण्यातील घराजवळ फिरत्या पारध्यांची पाले पडत. तेथेही ते जात. विद्वान मनुष्याने पारध्याच्या पालापुढे बसून माहिती टिपून घ्यावी, हे पाहून त्या काळी अनेकांना नवल वाटले असेल.

आता कार्ल्याकडे वळावे. मळवली स्थानकावर उतरून भातखाचरांतून डोंगराच्या पायथ्याशी गेले आणि पायऱ्या चढल्या, म्हणजे एकवीरा देवीच्या देवळामागे एक प्रचंड कमान दिसते. आत सुमारे १२४ फूट लांबीचे आणि ४५ फूट उंचीचे चैत्यगृह अखंड कातळातून कोरून काढले आहे. दोन्ही बाजूंस खांबांच्या ओळी, त्यांच्या माथ्यांवर हत्ती व त्यांवर बसलेली स्त्रीपुरुषांची जोडपी, आणि वर छताला लाकडी फासळ्या. हे लाकूड दोन हजार वर्षांचे आहे. कार्ल्यास येणारा प्रत्येक जण ही शोभा पाहून थक्क होतो. कोसंबी हेही होत असतील. पण त्यांचे डोळे शोभेवर थांबत नसत. ते खांबांवरील अक्षरे वाचू लागत.

खांबांवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत लहान लहान लेख आहेत. पूर्वीच्या पंडितांनी ते छापून प्रसिद्ध केले होते. कोसंबी यांनी ते जागेवर जाऊन पुन्हा वाचले. हे लेणे कोणा एका राजाने बांधलेले नाही. वैजयंती नगरीचा भूतपाल शेटी, एक सुगंधी द्रव्ये विकणारा गंधी, एक सुतार, काही भिक्षू, काही स्त्रिया आणि कित्येक यवन, म्हणजे ग्रीक किंवा तत्सम परदेशी लोक, अशा अनेकांनी कोणी खांब, कोणी दार, असा आपापला भाग दान केला आहे. एका खांबाच्या माथ्यावर तर मिसर देशात प्रसिद्ध असलेला, माणसाचे मुख आणि सिंहाचे अंग असलेला प्राणी कोरलेला आहे. समुद्रापलीकडची ही कल्पना मावळातल्या डोंगरात कोणी आणली असेल?

या लेखांत एका गावाचे नाव पुनःपुन्हा येते : धेनुकाकट. गंधी धेनुकाकटाचा, सुतार धेनुकाकटाचा, यवनांपैकीही बहुतेक धेनुकाकटाचे. एवढ्या दात्यांचे हे गाव सधन असलेच पाहिजे. पण आज त्या नावाचे गाव नकाशात नाही. काही पंडितांनी ते आंध्रात असल्याचे मानले, काहींनी ते कोकणच्या किनाऱ्यावर शोधले. कोसंबी यांना हे पटेना. तळेगावच्या अलीकडे शेलारवाडीच्या डोंगरात लहानशी लेणी आहेत. त्या डोंगरास लोक घोरावडेश्वर म्हणतात. तेथील एका लेखात सिअगुतनिका नावाच्या एका स्त्रीने आपल्या मुलासह लेणे दान केल्याचा उल्लेख आहे. तिचा नवरा उसभणक नांगर धरणारा कुणबी होता, आणि त्यांचे राहण्याचे ठिकाणही धेनुकाकटच. दूर आंध्रातील शेतकऱ्याची बायको शेलारवाडीच्या डोंगरात लेणे कशासाठी कोरवील? व्यापारी दूरदेशी जातो, पण नांगर धरणाऱ्याचे पाय आपल्या शेतापाशीच खिळलेले असतात. धेनुकाकट हे कार्ल्याच्या आसपासच असले पाहिजे, असे मत कोसंबी यांनी मांडले. सन १९५५ मध्ये धेनुकाकटावरील त्यांचा निबंध मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ते मत सर्वांना मान्य झाले असे नाही. पण हा प्रश्न सोडविण्यासाठी त्यांनी आसपासचे डोंगर आणि वाटा पायांनी पालथ्या घातल्या, ही गोष्ट त्यांच्या विरोधकांनाही नाकारता येत नाही.

हिंडताना त्यांना आणखी एक कोडे उलगडले. निवांत ध्यान करणाऱ्या भिक्षूंनी मावळातील हे डोंगर का निवडले? एकांतासाठी म्हणावे, तर त्याहून निर्जन डोंगर सह्याद्रीत पुष्कळ आहेत. कोसंबी यांनी जुन्या वाटा जुळवून पाहिल्या. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांत परदेशी मालाची जहाजे लागत. तो माल बैलांच्या आणि गाढवांच्या पाठीवर लादून तांडे बोरघाटाने वर मावळात येत व पुढे पैठण, तेर अशा नगरांकडे जात. घाट चढून थकलेल्या तांड्यांचा पहिला मुक्काम जेथे पडेल, नेमक्या त्याच टापूत कार्ले, भाजे आणि बेडसे ही लेणी आहेत. जुन्नरची लेणी नाणेघाटाच्या वाटेवर आहेत, तीही याच कारणाने. विहारांत प्रवाशांना आसरा मिळे, कोरीव टाक्यांतील पाणी मिळे. व्यापारी उदार हाताने दान देत. सन १८६३ मध्ये आगगाडी बोरघाट चढली आणि आजचा द्रुतगती मार्गही तोच घाट चढतो. जो डोंगर आज आडबाजूचा वाटतो, तो दोन हजार वर्षांपूर्वी हमरस्त्यावर होता. कार्ल्याच्या एका लेखात या प्रदेशाला मामाल म्हटले आहे. सूर्य जिकडे मावळतो ते मावळ, असे काही लोक सांगतात. पण मामाल या जुन्या नावापासूनच मावळ हा शब्द आला असावा.

भिक्षू गेले, तांडे गेले, लेणी ओस पडली. मात्र कार्ल्याच्या दारात एकवीरा आहे आणि बेडशाच्या लेण्यात यमाई आहे. चैत्रात मुंबईचे व कोकणपट्टीचे कोळी बांधव वाजतगाजत एकवीरेच्या यात्रेला येतात. समुद्रावरच्या लोकांची कुलदेवता घाटमाथ्यावर कशी? कोसंबी यांनी या यात्रेतही जुन्या वाटेची खूण पाहिली. ज्या ठिकाणी दोन वाटा मिळतात, तेथे पूर्वीपासून देवीची ठाणी असत. लेणी मागाहून आली आणि लेणी ओस पडल्यावर देवीचे पूजन पुढे चालूच राहिले, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा ग्रामदेवतेची यात्रा हासुद्धा इतिहासाचा एक कागदच, आणि तो कसरीने खाल्लेला नाही!

डोंगरातील प्राचीन अवशेष आणि भोवतालचे साधे लोक यांचा हा संबंध इतर देशांतही दिसतो. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात अँडीज पर्वतावर इंका लोकांनी पंधराव्या शतकात वसविलेले माचू पिच्चू नावाचे नगर आहे. सन १९११ मध्ये हायरम बिंगहॅम हे अमेरिकन संशोधक तेथे पोचले आणि त्या नगराचे नाव जगभर झाले. पण त्यांना वाट दाखविली ती तेथील रहिवाशांनी. एका मुलाने त्यांना ते अवशेष हिंडून दाखविले. काही शेतकरी त्या जुन्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत पिकेही घेत होते. कोसंबी यांना मावळात वाट दाखविणारे असेच कोणी गुराखी, धनगर, कोणी गावचा म्हातारा असत.

सन १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९६२ आणि १९६५ मध्ये आणखी दोन ग्रंथ आले. या ग्रंथांत राजांच्या वंशावळी थोड्या आहेत आणि नांगर, वाटा, नाणी, देवता व माणसे पुष्कळ आहेत. इतिहास असाही लिहिता येतो, हे पाहून तरुण अभ्यासक भारावून गेले. काही जुन्या पंडितांना मात्र गणिताच्या माणसाने आपल्या प्रांतात शिरणे रुचले नाही. कोसंबी यांचा स्वभावही तिखट होता. चूक दिसली की ते ती स्पष्ट शब्दांत दाखवीत, समोरचा कितीही मोठा असो. त्यामुळे त्यांनी मित्र जोडले तसे काही दुखावलेही. त्यांची सर्वच अनुमाने टिकली आहेत असे नाही. काही पुढील संशोधकांनी खोडून काढली.

टाटा संस्थेशी असलेला त्यांचा संबंध १९६२ मध्ये संपला. अणुशक्तीपेक्षा सूर्याच्या उष्णतेचा उपयोग आपल्या देशाने करावा, असे ते आग्रहाने सांगत. जागतिक शांततेच्या चळवळीतही त्यांनी भाग घेतला. डेक्कन क्वीनची फेरी थांबली, तरी टेकडीची वाट सुटली नाही. पुण्यातच त्यांचे लेखन व संशोधन चालू होते. २९ जून १९६६ रोजी झोपेतच त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ५८ वर्षांचे होते. सन २००८ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांचे स्मारक म्हणून तिकीट काढले.

धेनुकाकट नक्की कोठे होते, याविषयी विद्वानांचे अद्यापि एकमत झालेले नाही. कार्ल्याच्या खांबांवर ते नाव आजही वाचता येते. शेलारवाडीच्या डोंगरावर उसभणकाच्या पत्नीचा लेख आहे. लोहमार्ग त्याच डोंगराजवळून जातो.